उन्हावर चालणारं शीड

शीड हा शब्द आमच्या घरातून दोन पिढ्यांपूर्वी गेला. आजोबा दाभोळ बंदरातल्या एका मचव्यावर तांडेल होते. अब्बांनी मुंबईच्या गोदीत नोकरी धरली आणि मी तीस वर्षं तंत्रनिकेतनात मुलांना यंत्र-आरेखन शिकवलं. मचवे इंजिनावर चालू लागले तसे शीड, डोलकाठी, परबाण हे शब्द आमच्या बोलण्यातून उतरत गेले. आपाच्या मुलांना तर ते ठाऊकच नव्हते. ती उर्दू माध्यमात शिकली. त्यांच्या पुस्तकात शिडाला 'बादबान' म्हणतात.

त्यामुळे २०१९ च्या जुलैमध्ये नववीतली भाची जेव्हा म्हणाली, "मामू, अमेरिकेतल्या लोकांनी आसमानात बादबान खोललाय, उन्हावर चालतो," तेव्हा मला आधी हसू आलं. मग मी वाचायला बसलो, आणि अजून वाचतोच आहे. आज भाची अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या उपग्रह गटात ती असलंच एक शीड गुंडाळण्याच्या खटपटीत आहे. तिच्या या खटपटीवरून आमच्या घरात वर्षभर जो वाद चालला, तोही या लेखात येईल. पण आधी शीड.

उन्हाला ऊब असते हे सगळ्यांना कळतं. त्याला धक्काही असतो, हे कळायला माणसाला फार वेळ लागला. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला जाते, हे केप्लरने पाहिलं होतं. १६१० साली गॅलिलिओला लिहिलेल्या पत्रात त्याने आकाशातल्या वाऱ्याला साजेशी गलबतं आणि शिडं तयार करण्याची गोष्ट काढली. एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेलने प्रकाशाला दाब असतो हे गणिताने मांडलं आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रशियाच्या लेबेदेव यांनी तो प्रयोगशाळेत मोजला. प्रकाशाला वस्तुमान नाही, पण संवेग आहे. आरशासारख्या चकचकीत पडद्यावर तो आपटून परत फिरला की पडद्याला किंचित ढकलून जातो.

किंचित म्हणजे किती? आपल्या पृथ्वीइतक्या अंतरावर एक चौरस मीटर आरशावर सुमारे नऊ दशलक्षांश न्यूटन. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी भाचीला तांदळाच्या हिशोबात सांगितला. ३२ चौरस मीटरचं शीड, म्हणजे साडेतीनशे चौरस फुटांच्या आसपास, मुंबईत ज्यात एक अख्खं कुटुंब राहतं तेवढी जागा. तेवढ्या सगळ्या जागेवर उन्हाचा एकूण रेटा तांदळाच्या एका-दीड दाण्याच्या वजनाएवढा. एवढ्यावर काय चालणार, असं कोणीही म्हणेल. पण ऊन थांबत नाही आणि त्याला इंधन भरावं लागत नाही. पाच किलोच्या उपग्रहाला असं शीड लावलं आणि दिवसभर अखंड ऊन मिळालं, तर त्याच्या वेगात सायकलच्या वेगाएवढी भर पडते. महिनाभर मिळालं तर ताशी पाचशे किलोमीटरच्या वर.

इथेच 'लहान' या शब्दाचं मोल कळतं. मी आरेखन शिकवलेला माणूस, त्यामुळे मला सगळ्यात आधी वजन दिसतं. जपानच्या अवकाश संस्थेने २१ मे २०१० रोजी 'इकारोस' सोडलं. चौदा मीटर बाजूचा चौकोन, मानवी केसाच्या दहाव्या हिश्शाहून पातळ पडदा. आंतरग्रहीय अवकाशात शिडावर चालणारं ते पहिलं यान. त्याच वर्षी ८ डिसेंबरला ते शुक्राजवळून गेलं. काम थोर. पण सगळं मिळून वजन तीनशे किलोच्या वर, म्हणजे दर चौरस मीटर शिडामागे दीड किलोहून जास्त ओझं. पाच किलोच्या उपग्रहावरच्या ३२ चौरस मीटरच्या शिडामागे मात्र मीटरला दीडशे-एकशे साठ ग्रॅमच येतात. म्हणजे लहान यान गरिबाची सोय म्हणून लहान ठेवायचं असं नाही. शिडाच्या बाबतीत ते लहान असणं हेच त्याचं बळ आहे. विद्यार्थ्यांना मोठी याने परवडत नाहीत म्हणून ते लहान करतात, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मला फार आवडतं.

या लहानपणाला एक माप आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्स या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी दहा सेंटिमीटरचा घन ठरवला. त्याला क्यूबसॅट म्हणतात. वजन साधारण किलोभर. असे दोन-तीन घन जोडून लांबट डबा करता येतो. डब्याचं माप ठरलं की रॉकेटातून तो बाहेर ढकलणारी पेटी एकच चालते, आणि मोठ्या उपग्रहाच्या शेजारी उरलेल्या जागेत त्याला बसवता येतं. आपल्या एसटीत टपावर फणसाची पाटी जाते ना, तसंच. गाडी फणसासाठी निघत नाही. पण पाटी पोचते.

आता अडचण अशी की डबा पावाच्या लादीएवढा आणि शीड अख्ख्या घराएवढं.

नासाने पहिलं असं डब्यातलं शीड, 'नॅनोसेल-डी', ऑगस्ट २००८ मध्ये पाठवलं. रॉकेटच कक्षेत पोचलं नाही, समुद्रात गेलं. पण त्यांच्याकडे त्याचाच जुळा भाऊ शिल्लक होता. नोव्हेंबर २०१० मध्ये तो एका मोठ्या उपग्रहाच्या पोटात बसून वर गेला. डिसेंबरमध्ये बाहेर ढकलायचा हुकूम दिला. हुकूम पोचला, पण उपग्रह बाहेर आला नाही. लोकांनी आशा सोडली. दीड महिन्याने, १७ जानेवारी २०११ रोजी, तो कोणी न सांगता आपोआप बाहेर पडला. नासाने जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांना, ज्यांना आपण हॅम म्हणतो, हाक दिली की ऐकू येतंय का बघा. ऐकू आलं. तीन दिवसांनी दहा चौरस मीटरचं शीड उघडलं. २४० दिवस ते पृथ्वीभोवती फिरलं आणि सप्टेंबरमध्ये वातावरणात जळून गेलं. का अडकला आणि का सुटला, यापेक्षा मला त्या दीड महिन्यातली माणसं जास्त आठवतात. घरी जाऊन जेवत असतील, झोपत असतील, आणि डबा वर बंद.

त्या शिडाने एक दुसरीच गोष्टही दाखवली. सहाशे-साडेसहाशे किलोमीटरवरही हवेचा अगदी विरळ अंश असतो. तिथे पसरलेलं शीड उन्हाने जितकं ढकललं जातं त्याहून जास्त त्या हवेने अडवलं जातं. म्हणजे शीड तिथे ब्रेकचं काम करतं. आज अवकाशात मेलेल्या उपग्रहांचा कचरा साठतो आहे. काम संपल्यावर लहानसं शीड उघडून स्वतःच खाली येऊन जळून जायचं, हा या शोधाचा सगळ्यात स्वस्त आणि मला विचाराल तर सगळ्यात सभ्य उपयोग आहे. वर गेलेल्याने आपलं ताट आपण उचलावं.

भाचीने नववीत ऐकलं होतं ते शीड 'लाइटसेल-२'. ते सरकारचं नव्हतं. कार्ल सेगन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८० मध्ये 'प्लॅनेटरी सोसायटी' नावाची संस्था काढली. सेगन १९७६ पासून सौर शिडाबद्दल टेलिव्हिजनवर बोलत होते. या संस्थेने सामान्य लोकांच्या पैशावर शीड उडवायचं ठरवलं. पहिलं, 'कॉसमॉस-१', २१ जून २००५ रोजी रशियन पाणबुडीतून सुटलं आणि रॉकेट बिघडल्याने बुडालं. दुसरं, लाइटसेल-१, मे २०१५ मध्ये गेलं. दोनच दिवसांत त्याचा संगणक गोठला, कारण त्यातली एक नोंदवही लिहून लिहून फुगली होती. आठ दिवस मुका राहिला, मग आपोआप पुन्हा सुरू झाला. बहुधा एखाद्या वैश्विक कणाने त्याला टपली मारली. ७ जूनला शीड उघडलं, आठवड्याभरात खाली आलं. तिसरं हे लाइटसेल-२. जून २०१९ मध्ये उड्डाण, २३ जुलैला शीड उघडलं, आणि आठवड्याभरात त्याने आपल्या कक्षेचं एक टोक उन्हाच्या रेट्यावर दोनेक किलोमीटर वर नेलं. पृथ्वीभोवती असं करणारं पहिलं.

आजोबांना हे कसं सांगितलं असतं, याचा मी विचार करतो. वारा मागून असेल तर शीड भरायचं, समोरून आला तर उतरवायचं, एवढं त्यांना लगेच पटलं असतं. लाइटसेल साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारायचं. फेरीच्या ज्या भागात ते सूर्यापासून दूर चाललेलं असे, तिथे शीड उन्हाला तोंड करून. सूर्याकडे येताना शीड आडवं, धारेवर. प्रत्येक फेरीत दोन वेळा नव्वद अंशांचं वळण. वळवायला आत एक चाक. चाक एका बाजूला फिरलं की डबा दुसऱ्या बाजूला वळतो. चाकात साठलेला वेग उतरवायला विजेची चुंबकं, जी पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून जोर लावतात. शिडाची काठी म्हणाल तर सुताराच्या पोलादी टेपसारखी. गुंडाळली की सपाट, सोडली की ताठ. चार मीटरच्या चार काठ्या, चार त्रिकोणी पडदे, केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. हे यान साडेतीन वर्षांच्या आसपास टिकलं. हवेशी भांडत हळूहळू खाली येत, १७ नोव्हेंबर २०२२ ला संपलं.

खर्च? दोन्ही लाइटसेल मिळून सुमारे सत्तर लाख डॉलर, वर्गणी देणारे पन्नास हजारांच्या घरात. २०१९ च्या भावाने जवळपास पन्नास कोटी रुपये. लेखांमध्ये याला 'स्वस्त' म्हणतात. अवकाशाच्या बाजारात ते स्वस्त आहेच. पण आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांना पन्नास कोटी कोण देणार? म्हणून 'कमी खर्चाचा उपग्रह' हे शब्द वाचले की मी आधी विचारतो, कोणाच्या खिशाने कमी?

आपल्याकडे शीड अगदी नवं आहे असंही नाही. १९८२ मध्ये वर गेलेल्या इन्सॅट-१ ए ला एका बाजूला सौर पत्रे होते आणि दुसऱ्या बाजूला काठीवर एक शीड. पत्र्यांवर पडणाऱ्या उन्हाच्या रेट्याने उपग्रह कलू नये, म्हणून समतोलाला. ते शीड उघडलंच नाही, आणखीही बिघाड झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो सोडून द्यावा लागला. १९८३ चा इन्सॅट-१ बी मात्र चालला. मोहल्ल्यातल्या ज्या एकुलत्या एका घरात टीव्ही होता, तिथे दारात चपलांचा ढीग पडायचा. त्या दिवसांत कोणाला ठाऊक होतं की वर उन्हाशी तोल सांभाळला जातो आहे!

आता घरातला वाद. भाची दुसऱ्या वर्षी गटात गेली. गटाने विषय घेतला सौर शीड. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हा किलोभराचा उपग्रह इस्रोने २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीतून सोडला होता, आणि त्याच कॉलेजच्या पोरांनी पुढच्या उपग्रहासाठी शिडाचाच विषय धरला होता. हे वाचून भाचीच्या गटाचा धीर वाढला. संध्याकाळी सहानंतर प्रयोगशाळा, घरी यायला नऊ. आपा खिडकीत. दुल्हाभाई कुवेतला आहेत, दर जुम्म्याला फोन. एका जुम्म्याला त्यांनी मला फोनवर घेतलं.

"भाई, तुमची भाची सांगते आसमानात बादबान लावणार. हे उडणार कधी?"

मी त्यांना स्वयम्ची हकीकत सांगितली. २००८ च्या सुमारास काम सुरू, २०१६ ला उड्डाण. दुल्हाभाई हिशोबाचे पक्के. पलीकडून आवाज आला, "म्हणजे आठ वर्षं. ही दोन वर्षांत पास होईल. मग ती कोणासाठी करते?"

या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आणि तो प्रश्न चुकीचा आहे असंही मला वाटत नाही. दुल्हाभाईंनी बावीस वर्षं परक्या मुलखात उन्हात काढली ती मुलीच्या फीसाठी. गटातल्या इतर मुलांचे बाप इंजिनिअर, डॉक्टर. त्यांचं एक वर्ष इकडे-तिकडे झालं तर घर हलत नाही. आमच्या मुली उर्दू माध्यमातून येतात, पहिलं वर्ष इंग्रजी समजण्यात जातं, दुसऱ्या वर्षी मान वर होते आणि तिसऱ्या वर्षी कंपन्या मुलाखतीला येतात. एवढ्याशा फटीत तिने शीड गुंडाळत बसावं की नाही, हे सांगणारा मी कोण? मी मामू. पेन्शन खातो.

भाची मात्र वेगळंच बोलली. "मामू, ज्यांनी कॉसमॉस-१ बनवलं त्यांचं शीड उघडलंच नाही. पण लाइटसेलच्या वेळी त्यांचीच वही उघडली असेल ना?" मी म्हटलं, असेल. पुढे बोललो नाही. वही कोणी उघडतं, कोणी उघडत नाही. कितीतरी वह्या कॉलेजच्या कपाटात वाळवीला गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

वाद निवला तो आपामुळे, आणि तोही वादातून नव्हे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाची बाजारातून चंदेरी पन्नी घेऊन आली, भेटवस्तूंना गुंडाळतात तसली. हॉलमधलं सामान भिंतीला लावलं, पंखा बंद केला. त्रिकोणी पडदा कापून त्याच्या मागे-पुढे, मागे-पुढे अशा घड्या घालायच्या, झगझगीत पंख्यासारख्या, आणि शेवटी तळहाताएवढ्या जागेत बसवायच्या. पन्नी हाताला चिकटे, फाटे, एक टोक धरलं की दुसरं उडे. आपा दारात उभी राहून बघत होती. आपा चाळीस वर्षं शिवणकाम करते. मोहल्ल्यातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे शरारे तिच्या हातचे. ती म्हणाली, "अगं, फाटलं की पार टोकापर्यंत जातंय. मधे मधे पट्टी का देत नाही? उसवलं तर पट्टीपर्यंत येऊन थांबेल."

भाचीने माझ्याकडे बघितलं. लाइटसेलच्या पडद्यांवर अशाच पट्ट्या आहेत. बारीकशा उल्केने भोक पाडलं तर फाट पुढे जाऊ नये म्हणून. आपाला ते वाचावं लागलं नाही. मग ती खाली बसली, बोटांना पावडर लावली आणि दोघींनी मिळून रात्री एकपर्यंत घड्या घातल्या. पुढच्या जुम्म्याला दुल्हाभाईंना तिनेच सांगितलं, "मुलगी वाया जात नाही. शिवण शिकतेय."

दुल्हाभाईंनी अट घातली. मुलाखतींची तयारी सोडायची नाही, आणि चौथ्या वर्षी गटाचं काम धाकट्या मुलांच्या हाती द्यायचं. भाचीने कबूल केलं. तिचं शीड वर जाईल तेव्हा ती कुठल्या तरी कंपनीत असेल, किंवा शीड जाणारच नाही. गटाकडे अजून रॉकेटात जागा नाही. जागा मिळूनही काय होतं तेही ती जाणते. नासाचं ८६ चौरस मीटरचं शीड नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्राकडे निघालं आणि त्याचा एक शब्दही कोणाला ऐकू आला नाही. नासाचंच दुसरं, ८० चौरस मीटरचं, एप्रिल २०२४ मध्ये न्यूझीलंडमधून वर गेलं, ऑगस्टमध्ये उघडलं, एक काठी किंचित वाकली आणि ते कोलांट्या खात राहिलं. रात्री पाहणाऱ्यांना ते लुकलुकताना दिसे. पैसा, माणसं, साठ वर्षांचा अनुभव असलेल्यांची ही गत.

सध्या तिचं काम शिडाच्या झाकणाचं आहे. लहान उपग्रहांत झाकणं, पट्ट्या दोऱ्याने बांधून ठेवतात. वेळ आली की दोऱ्याला टेकवलेली बारीक तार विजेने लाल होते, दोरा वितळतो, झाकण उघडतं. साधं, हलकं, स्वस्त. पण दोरा एकदाच तुटतो, आणि तुटला नाही तर वर जाऊन सोडवायला कोणी नाही. वेगवेगळे दोरे तपासायला तिला हवे होते. मी मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीतून तंगुसाची चार वेगवेगळ्या जाडीची भेंडोळी आणली. दुकानदार विचारत होता, गळाला कोणता मासा? मी सांगितलं, भाचीला विचारून सांगतो.

परवापर्यंत वीस वेळा तार तापवून झाली. अठरा वेळा दोरा तुटला. दोनदा अर्धा वितळून तारेलाच चिकटला. का चिकटला ते अजून कळलेलं नाही. दुल्हाभाई आता फोनवर आधी तेच विचारतात. भाची म्हणते, जाडी बदलून बघते, मामू, आणखी दोन भेंडोळी आणा.